चुंबक, डांबरगोळ्या आणि जुन्या व्हॅनचं ॲव्हरेज

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला. ‘जुन्या व्हॅनचं ॲव्हरेज दीडपट करा, गॅरेजवाले हे कधीच सांगणार नाहीत’ असा मथळा, खाली सात उपाय, आणि पुरावा म्हणून शेवटची ओळ: ‘माझी व्हॅन ९ची १३ द्यायला लागली.’ माझ्याकडे वीस वर्षं जुनी व्हॅन आहे हे पाठवणाऱ्यांना ठाऊक आहे, तेव्हा हेतू चांगलाच असणार. पण त्या सातांतला एक उपाय जिवावर बेतू शकतो आणि दोन-तीन इंजिनाचा हळूहळू जीव घेतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

‘पेट्रोलच्या पाइपला चुंबक बांधा. इंधनाचे कण सुटे होतात आणि पूर्ण जळतात.’

पेट्रोल आणि डिझेल म्हणजे हायड्रोकार्बनची मिश्रणं. चुंबकाला ती जवळजवळ दादच देत नाहीत. पण हे क्षणभर बाजूला ठेवू आणि चुंबक काम करतं असं धरून चालू. इंजिन नीट तापलेलं असेल आणि हवा-इंधनाचं प्रमाण बरोबर असेल, तर आत गेलेल्या इंधनापैकी ९७-९८ टक्के आधीच जळतं. उरलेलं सगळंच्या सगळं चुंबकाने जाळलं तरी फायदा फार तर दोन-तीन टक्के. दीडपट कुठून येणार?

मेसेजची मूळ चूक इथेच आहे. इंधन जळत नाही म्हणून वाया जातं, असं तो गृहीत धरतो. इंधन जळतंच, पण त्या उष्णतेचा मोठा भाग सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून निघून जातो. पेट्रोल इंजिनात चाकांपर्यंत पोचते ती जेमतेम पाव हिस्सा ऊर्जा. ती हवेला ढकलण्यात, टायर मळण्यात आणि ब्रेक तापवण्यात संपते. इंधनाच्या पाइपवर काहीही बांधलं तरी यातलं काही बदलत नाही. पाण्यापासून हायड्रोजन बनवणारी किटं याच जातीची. ती वीज घेतात अल्टरनेटरकडून, अल्टरनेटर फिरवतं इंजिन, आणि प्रत्येक टप्प्यावर थोडी ऊर्जा गळते. मिळतं त्यापेक्षा जास्त जातं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून जास्त उपकरणं तपासली. ॲव्हरेजमध्ये लक्षणीय वाढ करणारं त्यांना एकही सापडलं नाही.

‘टाकीत डांबरगोळ्या किंवा थोडं ॲसिटोन टाका.’

डांबरगोळ्यांना निदान इतिहास तरी आहे. नॅप्थलीन पेट्रोलमध्ये विरघळतं आणि ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली अवेळी पेट न घेण्याची क्षमता, थोडं वाढवतं, म्हणून जुन्या काळी लोक ते टाकत. पण ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. इंजिन खटखटत नसेल तर जास्त ऑक्टेनचा ॲव्हरेजला उपयोग नाही. महागडं पेट्रोल भरणाऱ्यांनाही हेच लागू. शिवाय हल्लीच्या बऱ्याच गोळ्या नॅप्थलीनच्या नसतातच. त्यात क्लोरीन असलेलं रसायन असतं, ते जळलं की आम्ल तयार होतं. ॲसिटोनमध्ये तर वजनाला पेट्रोलपेक्षा कितीतरी कमी ऊर्जा असते, आणि रबराचे काही पाइप नि सील ते फुगवून मऊ करतं. वीस वर्षं जुन्या रबरावर हा प्रयोग मी तरी करणार नाही.

‘उतारावर गाडी न्यूट्रल करा. शक्य असेल तर इंजिनही बंद करा.’

इथे थांबून बोलायला हवं. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला की कॉम्प्युटर इंधन पूर्ण तोडतो. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं. न्यूट्रल केलंत की त्याच इंजिनाला जिवंत राहायला इंधन द्यावं लागतं. म्हणजे वाचवायला गेलात आणि खर्च केलात. पंपवाल्या जुन्या डिझेल इंजिनातही पाय काढल्यावर, गाडी गिअरमध्ये पळत असेपर्यंत, गव्हर्नर, म्हणजे इंजिनाच्या वेगानुसार इंधन सोडणारा भाग, इंधन बंदच करतो. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे कॉम्प्युटरऐवजी हवेच्या ओढीने पेट्रोल घेणाऱ्या जुन्या गाडीत मात्र गिअरमध्ये थोडं पेट्रोल ओढलं जातं. ही समजूत बहुधा तिथूनच आली असावी.

आता दुसरी बाजू. भरलेली अडीच टनी व्हॅन ३०० मीटर उंचीवरून खाली येते तेव्हा जी ऊर्जा सुटते, ती साधारण २० लिटर पाणी उकळीला आणेल एवढी असते. थोडी हवा घेते, थोडी टायर घेतात. गिअरमध्ये असाल तर बराच भार इंजिन सोसतं. न्यूट्रलमध्ये तो सगळा ब्रेकवर येतो. जुन्या ब्रेक ऑइलने वर्षानुवर्षं हवेतला ओलावा शोषलेला असतो, ते लवकर उकळतं, आणि उकळलं की पेडल सरळ खाली जातं. इंजिन बंद असेल तर पेडलला जोर देणारा ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत रिकामा, पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही दगडासारखं. चमचाभर पेट्रोलसाठी हे कोणी करू नये.

‘सकाळी दहा मिनिटं गाडी जागेवर तापवा, आणि नंतर उगाच बंद करू नका, कारण स्टार्टला जास्त इंधन लागतं.’

मध्यम आकाराचं इंजिन उभ्या उभ्या तासाला साधारण लिटरभर पितं. रोज दहा मिनिटं, महिन्यात सव्वीस दिवस: चार लिटरहून जास्त, आणि तेवढ्यात एक किलोमीटरही कापलेला नाही. उभ्या गाडीत इंजिन तापतंही सावकाश, आणि गिअरबॉक्स, बेअरिंग, टायर तर थंडच राहतात. इंजिन स्थिर झालं, ऑइलचा दिवा विझला की निघावं आणि पहिले काही किलोमीटर हलक्या पायाने चालवावी. चोकच्या गाडीला मिनिटभर जास्त द्या. स्टार्टचं म्हणाल तर गरम इंजिन पुन्हा सुरू करायला दहाएक सेकंद उभं ठेवण्याइतकंच इंधन लागतं. बॅटरी म्हातारी असेल तर प्रत्येक सिग्नलला बंद करू नका, एवढं मान्य.

‘एअर फिल्टर काढून टाका, इंजिन मोकळा श्वास घेईल.’

अर्धसत्य, म्हणून जास्त धोकादायक. कार्ब्युरेटरच्या इंजिनात तुंबलेल्या फिल्टरमुळे मिश्रणात पेट्रोल जास्त होतं. तिथे फिल्टर बदलल्याने दोन ते सहा टक्के फरक पडू शकतो. डिझेल काळा धूर सोडायला लागतं, तिथेही बदला. इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनात मात्र कॉम्प्युटर हवेच्या हिशोबानेच पेट्रोल सोडतो, त्यामुळे फिल्टर घाण असला तर पिकअप कमी होतो, ॲव्हरेज फारसं हलत नाही. पण ‘बदला’ आणि ‘काढा’ यांत जमीन-अस्मानाचा फरक. फिल्टरशिवाय आत जाणारी धूळ रिंगा आणि सिलिंडर घासते, कॉम्प्रेशन उतरतं, इंजिन ऑइल खाऊ लागतं. मग ॲव्हरेज कायमचं गेलं.

‘टायरमध्ये हवा १० पीएसआय जास्त भरा.’

कमी हवेने नुकसान होतं, पण किती? चारही टायरांत १ पीएसआय कमी असेल तर सुमारे ०.२ टक्के. उलट बाजूने १० जास्त भरून फार तर दोन टक्के मिळतील, त्या बदल्यात टायर मधोमध झिजेल आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी होईल. व्हॅनच्या दारावरच्या पट्टीवर पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे लिहिलेले असतात, बहुतेकदा रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे वेगळे. ते पाळा, आणि हवा टायर थंड असताना तपासा.

‘पहाटे टाकी भरा.’ थंड पेट्रोल दाट असतं, म्हणून तेवढ्याच लिटरमध्ये जास्त मिळतं, असा यामागचा तर्क. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. पुढे.

राहिला तो ९ची १३चा पुरावा. पंपाच्या नळीचा ऑटो कट, म्हणजे टाकी भरली की आपोआप बंद होणं, प्रत्येक वेळी एकाच पातळीला होत नाही. चाळीस लिटर भरताना दोन लिटर इकडे-तिकडे झाले की पाच टक्के तिथेच गेले किंवा आले. एक टाकी गर्दीत आणि पुढची मोकळ्या रस्त्यावर संपली, तर ९ आणि १३ चुंबकाशिवायही दिसतील. मी स्वतः असाच फसलोय. नवे टायर घातल्यावर ॲव्हरेज पडलं म्हणून कंपनीला मनातल्या मनात शिव्या घातल्या. नंतर लक्षात आलं की झिजलेला टायर लहान असतो, जास्त फेरे मारतो, म्हणून मीटर पूर्वी दीड-दोन टक्के जास्त किलोमीटर दाखवत होता. निदान पाच-सहा टाक्यांची सरासरी काढल्याशिवाय कुणाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, माझ्याही.

मेसेजमध्ये नसलेल्या गोष्टींनीच माझ्या व्हॅनला फरक पडला. व्हॅन म्हणजे चाकांवरचं कपाट. ८०वरून १००वर गेलात की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, आणि तो फुकटात कमी होतो, पाय उचलून. टपावरचं कॅरिअर मी दोन वर्षं रिकामंच वाहून नेत होतो. चार बोल्ट काढले आणि हायवेवरची शिट्टीही थांबली. तापमानाचा काटा कधीच मध्यावर येत नसेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडाच अडकलेला असू शकतो. मग इंजिन अजून थंडच आहे असं समजून कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो. स्वस्त पार्ट, पण महागात पडणारा.

आणि ब्रेक. जुन्या व्हॅनमध्ये हँडब्रेकची केबल गंजून अडकते, लायनर ड्रमला घासत राहतात, आणि चालवणाऱ्याला वाटतं इंजिन थकलं. अर्धा तास शक्यतो ब्रेक न दाबता चालवा, गाडी आपोआप थांबू द्या आणि प्रत्येक चाकाच्या जवळ हात न्या, लावू नका. माझ्या मागच्या डाव्या चाकाजवळ हात धरवत नव्हता.