खुलासा : एक्स्पान्शन टाकीतली हवा सोडू नका

मालवण-गुहागरकडच्या हॉटेल-रिसॉर्टवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : 'गरम पाण्याच्या लाइनवरची लाल टाकी पोकळ वाजली तर हवा अडकली आहे. पिन (टायरसारखा हवेचा व्हॉल्व्ह) दाबून हवा सोडा, प्रेशर उतरेल.' हे चूक आहे.

ही लाल टाकी म्हणजेच एक्स्पान्शन टाकी, गरम होऊन वाढलेलं पाणी सामावून घेणारी. तिच्यातली हवा मुद्दाम भरलेली असते. टाकीत रबरी पडदा असतो, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. बंद सर्किटमधलं, म्हणजे तेच तेच फिरणारं, 1000 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 ला गेलं की साधारण 14 लिटर वाढतं. पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून वाढीव पाणी टाकीत मावतं. हवा सोडलीत तर टाकी पाण्याने भरते, प्रेशरचा काटा झपकन चढतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह गळू लागतो. गार झाल्यावर प्रेशर पडतं, मग रोज नवीन पाणी भरा. त्यातल्या ऑक्सिजनने पाइप आतून गंजतात.

तपासायचं तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून तिच्यातलं पाणी आधी काढा. एरवी गेज फक्त लाइनचं प्रेशर दाखवेल, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. मग टायरचं गेज लावा. वरचा पाइप टाकीपासून 12 मीटर उंच असेल तर त्या उंचीचे 1.2 अधिक थोडे जास्तीचे 0.3, म्हणजे 1.5 बार, सुमारे 22 पीएसआय हवा हवी. पिनमधून पाणी आलं तर पडदा फाटलाय, तो किंवा टाकी बदला. खाऱ्या हवेत पिन लवकर गंजते, टोपी घट्ट ठेवा.

तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर गेला असेल तिथे हा टाका. आणि हवा आधीच सोडली असेल तर हीटर बंद करून, पाणी गार झाल्यावरच हवा पुन्हा भरा.