नव्या टोपाला भोक

माझा मेहुणा अमेरिकेत ओहायोला राहतो आणि घरी बिअर करतो. तिकडे ते चालतं. १९७८ साली तसा कायदाच झाला. घरात दोन सज्ञान माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५० लिटर, घरच्यापुरती करायला मुभा. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा, नुसती प्यायची म्हटलं तरी परवाना लागतो. म्हणून सुट्टीवर आलेला मेहुणा “भाऊजी, मला इथून एक केटल न्यायचीय” म्हणाला, तेव्हा मी चहाची समजलो. ठाण्यातल्या गोखले रोडवर नेऊन मी त्याला दीड लिटरची, आपोआप बंद होणारी दाखवली. त्याने झाकण उघडून आत डोकावून पाहिलं.

“भाऊजी, चाळीस लिटर.”

बिअर होणार १९ लिटर, पण धान्य पाणी पितं, तासभर खळखळ उकळताना वाफ होऊन जातं, आणि पहिली उकळी फुटते तेव्हा फेस असा उसळतो की त्यापुढे उतू जाणारं दूध गरीब. खरी हौशी मंडळी तीन टोप ठेवतात: एकात गरम पाणी, दुसऱ्यात ६५-६७ अंशांवर माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, भिजवायचं, तिसऱ्यात उकळायचं. आमचा एकाच टोपात भागवतो. कापडी पिशवीत धान्य घालून ते भिजवायचं आणि चक्क्यासारखं टांगून निथळायचं. तिकडे असे टोप फार महाग, म्हणून ठाणं.

प्रश्न सासूबाईंचा होता. बिअर हा शब्द त्यांच्यासमोर काढण्याची छाती दोघांपैकी एकाचीही नव्हती. “आई, बार्लीचं पाणी करतो मी,” मेहुणा म्हणाला. तसं ते खोटं नव्हतं.

सासूबाईंचा चेहरा उतरला. बार्लीचं पाणी त्यांच्या मते एकाच तक्रारीवर देतात. “चाळीस लिटर? इतकं झालंय?” एवढं बोलून त्यांनी पायात चपला घातल्या. टोप आता त्या निवडणार होत्या.

जांभळी नाक्यावरच्या भांड्याच्या दुकानात शेठनी पहिला प्रश्न विचारला, “कार्य कधी आहे? माणसं किती?”

“दोन,” मेहुणा म्हणाला.

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी वरच्या पंख्याकडे पाहिलं.

आपल्याकडचे मोठे टोप पसरट. भात मोकळा व्हायला तेच बरे. याला हवा उभट, म्हणजे उकळताना पाणी कमी उडतं. पोऱ्याने माळ्यावरून तसा एक काढला. मग मेहुण्याने विचारलं, “हे ३०४ नंबरचं स्टील आहे का?” शेठनी गल्ल्यातून लोहचुंबक काढून टोपाला लावलं. ते खाली पडलं. “बघा, चिकटत नाही. अस्सल.” एखाद्या शहाण्या माणसाने इथे पैसे दिले असते. याने शेठना समजावलं, की निकेल कमी असलेलं स्वस्तातलं २०२ स्टीलही चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे या परीक्षेत दोघंही पास होतात, आणि टोप इंडक्शनवर ठेवायचा असेल तर उलट बूड चिकटायलाच हवं. शेठनी चुंबक परत गल्ल्यात टाकलं. इतक्या वर्षांत त्यांच्या चुंबकावर कोणी शंका घेतली नसावी. शेवटी ३०४चा शिक्का असलेला निघाला, काट्यावर चढला, वजनावर पैसे झाले. “नाव काय घालू?” शेठनी विचारलं. सासूबाईंनी दिवंगत सासऱ्यांचं पूर्ण नाव सांगितलं, खाली ठाणे आणि तारीख. सुई टर्रर्र करत चालली.

तिथून रिक्षाने वागळे इस्टेट. टोप सासूबाईंच्या मांडीवर, मी आणि मेहुणा दोन्हीकडून आवळलेले. आता या टोपाला तीन भोकं पाडायची होती: बुडाजवळ तापवणाऱ्या कॉइलसाठी, जरा वर नळासाठी, त्याहून वर थर्मामीटरसाठी. ही बातमी आम्ही सासूबाईंना दिली नव्हती. कारागिराने मार्करने गोल काढला आणि ड्रिल लावलं, तेव्हा त्या स्टुलावरून उठल्याच.

“अरे, नव्या टोपाला भोक? भोक पडलं की त्यात तुळस लावतात!”

“काकू, आर्गॉन वेल्डिंग मारून देतो, थेंब गळणार नाही,” कारागीर म्हणाला. त्या हिरमुसून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. जावयाने हे होऊ दिलं याचा राग मला परतीच्या रिक्षात कळला. मला मीटरजवळची कडेची जागा मिळाली. मांडीवर टोप.

कॉइल ५५०० वॅटची. आमचा गिझर २००० वॅटचा, म्हणजे पावणेतीन गिझर एका टोपात. ३० लिटर पाणी त्यावर अर्ध्या तासात उकळतं, आमच्या गिझरच्या ताकदीला सव्वा तास लागेल. मेहुण्याला इथेच लावून बघायची होती. ओहायोत त्याने त्यासाठी ३० अँपिअरची वेगळी लाइन ओढून घेतलीय. आमच्या ओट्यावरचं सगळ्यात दांडगं सॉकेट १६चं. मी मेन स्विचसमोर पाठ टेकून उभा राहिलो, तेव्हा कुठे तो नुसतं पाणी भरून गळती तपासायला तयार झाला. टोप रात्रभर बाथरूममध्ये भरून ठेवला. थेंब गळला नाही. सकाळी अंघोळीला मात्र मला शेजारी जावं लागलं.

बॅगेत टोप गेला, टोपात भाजणी, गोडा मसाला आणि चकल्या.

मागच्या आठवड्यात फोटो आला. टोप, टोपाला नळ, नळाच्या वरती सासऱ्यांचं नाव आणि काठोकाठ फेस. सासूबाईंनी दोन बोटांनी फोटो मोठा करून आधी नाव वाचलं, मग फेस बघितला. “पहिलं पाणी टाकून द्यायला सांग त्याला, म्हणजे फेस येत नाही.” मग जरा आवाज खाली आणून, “आणि विचार, लघवीला साफ होते ना आता?”

मी विचारलं. उत्तर लगेच आलं.

“सारखी होते.”