परदेशी कंपनीत ‘तिकडचा’ कारभार? कुठे ठेवलाय!

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्रा औद्योगिक वसाहतींच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘परदेशी कंपनीत कारभारही तिकडचाच. सणवार नाही, युनियन नाही, वशिला नाही. पोरांनो, देशी मालकाचा नाद सोडा.’ शेजारच्या बिडकीनला टोयोटाचा कारखाना येणार म्हटल्यापासून तर जास्तच.

सणवाराचं आधी. अशा कंपनीतल्या कुणालाही खंडेनवमीचं विचारा. मशीनला हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि साहेबाच्याही कपाळाला टिळा. मालक झेक असो की जपानी, डबल ओव्हरटाइम आणि किमान 8.33 टक्के बोनस इथल्याच कायद्याने द्यावा लागतो. हे काही आपल्याकडचंच नवल नाही. रोझेनझ्वाइग आणि नोहरिया या अभ्यासकांनी 1994 सालच्या अभ्यासात अमेरिकेतल्या 249 परदेशी उपकंपन्या तपासल्या. सुट्ट्या आणि सवलती बऱ्याचशा तिथल्या रिवाजाप्रमाणे निघाल्या. मुख्यालयाचा हात जास्त दिसला तो वरच्या साहेबांच्या बोनसमध्ये आणि निर्णयांमध्ये.

युनियनचा मुद्दा तर उलटाच आहे. जर्मनीत 1976 च्या कायद्याने 2000 हून जास्त कामगारांच्या कंपनीत कारभारावर नजर ठेवणाऱ्या देखरेख मंडळाच्या निम्म्या जागा कामगारांच्या बाजूला असतात. खरंच ‘तिकडचा’ कारभार आला असता, तर शेंद्र्यातला फिटर साहेबाशेजारी बसून हिशेब विचारत असता! तो बसत नाही, कारण ती मालकाची दानत नव्हे, त्या देशाचा कायदा आहे, आणि तो मशिनरीबरोबर जहाजातून येत नाही. येतात ते क्वालिटीचे नियम, सेफ्टीचे बूट आणि दर महिन्याचे रिपोर्ट. ते चांगलंच आहे, नाही म्हणत नाही.

पण इथलं जे अंगीकारलं जातं त्यात ठेकेदारीही आली. सहा-सात महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा नवं कार्ड. हे काही परदेशातून शिकवून पाठवलेलं नाही. आजूबाजूचे सगळे करतात, स्वस्त पडतं, म्हणून तेही करतात.

राहिला वशिला. माझा पुतण्या एका परदेशी कंपनीच्या लाइनवर दीड वर्ष होता. युनिफॉर्म कंपनीचा, पगाराच्या चिठ्ठीवर नाव ठेकेदाराचं. एचआरने त्याची मुलाखत कधी घेतलीच नाही. त्याला चिकटवलं आमच्या सोयऱ्यांनी. ते ठेकेदाराकडे सुपरवायझर आहेत.