न थांबणारे हीटिंग आणि ‘मोठे यंत्र बसवा’ हा सल्ला

थंडीचा जोर वाढला की अमेरिकेतील मराठी घरांमध्ये एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: घरातील हीटिंग ठीक असेल तर ते दहा-पंधरा मिनिटे चालून थांबते, ते थांबतच नसेल तर यंत्र घराला पुरत नाही, म्हणून ते काढून मोठे बसवावे, तोवर वापरात नसलेल्या खोल्यांचे व्हेंट बंद करावेत, थर्मोस्टॅट चार-पाच अंश वर न्यावा आणि हीट पंप (बाहेरच्या हवेतील उष्णता आत आणणारे विजेचे यंत्र) असल्यास तो ‘इमर्जन्सी हीट’वर टाकावा. मजकूर ठाम भाषेत लिहिलेला असल्याने पटतो. पण बाहेर किती थंडी आहे आणि घरात नेमके कोणते यंत्र आहे, हे दोन प्रश्न त्यात एकदाही विचारलेले नाहीत.

दहा-पंधरा मिनिटांचे माप मुळातच चुकीचे आहे. घरातून बाहेर जाणारी उष्णता साधारणपणे आतल्या आणि बाहेरच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असते. आत 70 अंश फॅरनहाइट ठेवायचे आहे आणि बाहेर 10 अंश असतानाही पुरेल अशा नेमक्या क्षमतेची फर्नेस, म्हणजे इंधन जाळून घरातली हवा तापवणारे यंत्र, बसवली आहे, असे धरू. बाहेर 40 अंश असतील तर फरक 60 वरून 30 वर येतो, म्हणजे तीच फर्नेस सुमारे निम्मा वेळ चालेल. आणि पारा खरोखर 10 अंशांवर उतरला की ती जवळजवळ अखंड चालेल, कारण तिची क्षमता त्याच हिशेबाने ठरवलेली आहे. प्रत्यक्षात गॅसच्या फर्नेस गरजेपेक्षा थोड्या मोठ्याच बसवलेल्या असतात, त्यामुळे कडाक्याच्या रात्रीही त्या मधूनमधून थांबतात. बाहेर 40 अंश असताना गॅसची फर्नेस तासन्‌तास थांबत नसेल आणि तरीही घर गार असेल, तर मात्र बिघाडाची शंका रास्त आहे. शून्य अंश फॅरनहाइटच्या आसपासच्या रात्री ती सतत चालली आणि घरात ठरवलेले तापमान टिकले, तर काळजीचे कारण नाही.

हीट पंपाला तर हे माप मुळीच लागू पडत नाही. फर्नेसच्या व्हेंटमधून 120 ते 140 अंशांची हवा येते, हीट पंपाची हवा बहुधा 85 ते 100 अंशांची असते; ती हाताला कोमटच लागते आणि घर ऊबदार ठेवायला तिला जास्त वेळ वाहावे लागते. इन्व्हर्टर असलेले, म्हणजे वेग कमी-जास्त करू शकणारे, नवे पंप तर कमी वेगाने दीर्घकाळ चालण्यासाठीच बनवलेले असतात. अशा पंपाची वारंवार चालू-बंद होण्याची सवय हीच खरी तक्रारीची बाब ठरावी.

आता खऱ्या बिघाडाकडे वळू. ‘हीटिंग थांबत नाही’ असे म्हणताना पुष्कळदा फक्त पंख्याचा आवाज ऐकलेला असतो. थर्मोस्टॅटवरील फॅनचे बटण ‘ऑटो’ऐवजी ‘ऑन’वर असेल, तर बर्नर विझल्यानंतरही ब्लोअर अखंड फिरत राहतो आणि व्हेंटमधून गार वारा येतो. हे बटण पाहायला पैसे पडत नाहीत, म्हणूनच बहुधा ते कोणी पाहत नाही.

बटण योग्य जागी असेल तर पुढचा संशयित म्हणजे फिल्टर. एक इंच जाडीचा फिल्टर हिवाळ्यात साधारण एक ते तीन महिन्यांत बदलावा लागतो, आणि रोज फोडण्या होणाऱ्या घरात तर तो आणखी लवकर चिकट होतो. फिल्टर तुंबला की ज्योतीची उष्णता हवेला देणाऱ्या हीट एक्स्चेंजरवरून पुरेशी हवा वाहत नाही, तो प्रमाणाबाहेर तापतो, अतितापापासून वाचवणारा लिमिट स्विच बर्नर बंद करतो आणि यंत्र निवेपर्यंत ब्लोअर चालू ठेवतो. मग बर्नर पुन्हा पेटतो आणि पुन्हा तेच. घर ठरलेल्या तापमानाला पोहोचत नाही, थर्मोस्टॅट उष्णता मागतच राहतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला यंत्र अपुरे पडत आहे असे वाटते. आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेच्या तापमानांत किती फरक असावा, याची मर्यादा फर्नेसच्या पाटीवर छापलेली असते. फर्नेसजवळ साध्या तापमापीने दोन्हीकडचे आकडे घ्यावेत: फरक त्या मर्यादेच्या वर असेल तर हवा कमी वाहते आहे, आणि खाली असेल तर बर्नर पूर्ण क्षमतेने जळत नसण्याची शक्यता आहे.

मोठी फर्नेस बसवण्याचा सल्ला नेमका इथेच घातक ठरतो. मोठ्या यंत्राला वाहती हवाही जास्त लागते, पण खोल्यांत हवा नेणारे डक्ट तेच राहतात. ज्या घरात मूळ दुखणे हवा कमी वाहण्याचे आहे, तिथे नवी फर्नेस जुनीपेक्षाही लवकर तापून लिमिटवर बंद पडेल. जिथे डक्ट पुरेसे आहेत, तिथे ती काही मिनिटांत थर्मोस्टॅटजवळची हवा तापवून थांबेल आणि लांबच्या खोल्या गारच राहतील. यंत्राची क्षमता घराच्या भिंती, खिडक्या, इन्सुलेशन आणि गळती मोजून काढलेल्या हिशेबावर ठरवायची असते; अमेरिकेत ‘मॅन्युअल जे’ या नावाची पद्धत त्यासाठीच आहे. तो हिशेब न करता मोठ्या यंत्राचा भाव सांगणाऱ्या कंत्राटदाराला आधी तो हिशेब मागावा.

व्हेंट बंद करण्याबद्दल फार लिहायला नको. तुंबलेला फिल्टर जे करतो तेच बंद व्हेंट करतात, आणि शिवाय डक्टमधला दाब वाढून सांध्यांतली गळतीही वाढते. सर्वसाधारण घरात डक्टमधून वाहणाऱ्या हवेपैकी 20 ते 30 टक्के हवा गळतीत जाते, असा अमेरिकी सरकारच्या ‘एनर्जी स्टार’ कार्यक्रमाचा अंदाज आहे. सतत चालणाऱ्या यंत्राचे उत्तर कित्येकदा माळ्यावर किंवा घराखालच्या क्रॉल स्पेसमध्ये सुटलेल्या डक्टच्या सांध्यात सापडते.

थर्मोस्टॅट वर नेल्याने एका टप्प्याची (एकाच ठरावीक जोराने जळणारी) फर्नेस अधिक उष्णता देत नाही. ती अधिक काळ चालते, एवढेच. हीट पंपावर याचा परिणाम आणखी महाग पडतो, कारण मागणी एकदम दोन-तीन अंशांनी वाढली की बहुतेक थर्मोस्टॅट विजेची साहाय्यक कॉइल जोडतात. ‘इमर्जन्सी हीट’ म्हणजे पंप बाजूला ठेवून केवळ साहाय्यक उष्णतेवर घर चालवणे, आणि पुष्कळ घरांत ती उष्णता याच कॉइलमधून येते. या कॉइलमध्ये एका युनिट विजेतून एकच युनिट उष्णता मिळते, तर बाहेर 47 अंश असताना चांगला पंप तेवढ्याच विजेत सुमारे तिप्पट उष्णता देतो. ही सोय बाहेरचा पंप बंद पडला असेल किंवा बर्फाने पूर्ण गोठला असेल तेव्हासाठी आहे. पंपातून मधूनच वाफ निघणे आणि त्याचा पंखा काही मिनिटे थांबणे, हे मात्र डीफ्रॉस्टचे, म्हणजे साचलेला बर्फ वितळवण्याचे, नेहमीचे काम आहे.

एक तपासणी या मजकुरात अजिबात नाही, आणि तीच सर्वांत उपयोगी आहे. थर्मोस्टॅट ‘ऑफ’ करावा. ब्लोअर थोडा वेळ फिरून थांबला, तर यंत्र आज्ञा पाळते आहे. मग थर्मोस्टॅटची जागा, त्याच्या मागच्या भोकातून येणारा गार वारा आणि बॅटरी पाहाव्यात. ‘ऑफ’नंतरही बर्नर जळतच असेल, तर दोष थर्मोस्टॅटच्या आत, तारांच्या शॉर्टमध्ये, कंट्रोल बोर्डात किंवा गॅस व्हॉल्व्हमध्ये असू शकतो. मध्यवर्ती फर्नेसचा थर्मोस्टॅट 24 व्होल्टवर चालतो, पण भिंतीलगतच्या विजेच्या हीटरांच्या थर्मोस्टॅटमध्ये 240 व्होल्ट असू शकतात, त्यामुळे तो उघडून पाहू नये. फर्नेसचा वीजपुरवठा बंद केल्यावरही ज्योत विझत नसेल, तर गॅसचा हातव्हॉल्व्ह बंद करून तंत्रज्ञाला बोलवावे. आणि या काळात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजलाच, तर यंत्राकडे न जाता सर्वांनी घराबाहेर पडून 911 ला फोन करावा.