गड बांधण्याआधीची मोजपट्टी

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत आले. ११ महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून आपल्याकडच्या चर्चांत एक जुना वाद पुन्हा तापलाय. पडलेले वाडे, दरवाजे होते तसे उभारायचे की अवशेष आहेत तसे राखायचे? दोन्ही बाजूंची माया खरी आहे. पण बेल्जियममधल्या लुव्हेन विद्यापीठातून पाहताना एक गोष्ट सतत खटकते: दोघेही निकालापासून सुरुवात करतात. इथल्या संवर्धनाच्या अभ्यासक्रमात हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो.

हा अभ्यासक्रम चालवणारे केंद्र १९७६ साली रेमाँ लमेर यांनी सुरू केले. वास्तुसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वे सांगणारी १९६४ची व्हेनिस सनद लिहिणाऱ्यांत ते होते. अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, असे ती सनद सांगते. लुव्हेनमधली ‘ग्रोट बेखाइनहोफ’ ही जुनी वसाहत विद्यापीठाने १९६२ साली विकत घेतली आणि लमेर यांच्या देखरेखीखाली दुरुस्त केली. आज तिथे विद्यार्थी राहतात.

शिकवण्याची सुरुवात मोजणीने होते. दर्शनी भिंत १:५० प्रमाणात, खिडकीची चौकट, दगडी घडाई १:५ किंवा १:१०. टेप एकाच शून्यावर धरून सगळी मापे सलग वाचायची. तुकड्यातुकड्यांनी मोजून बेरीज केली की प्रत्येक तुकड्याची चूक पुढच्यात साठत जाते. खोलीच्या चार भिंती मोजून भागत नाही, दोन्ही कर्णही घ्यावे लागतात, कारण जुन्या इमारतीत काटकोन क्वचितच सापडतो. फोटोंवरून त्रिमितीय प्रतिमा करायची तर लागोपाठच्या दोन फोटोंत निदान ६० टक्के भाग सामाईक हवा, आणि भिंतीवर टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर अचूक मोजणाऱ्या यंत्राने) मोजलेले बिंदू हवेत. नाहीतर चित्र देखणे येते, माप खोटे. मग त्याच नकाशावर भेगा, ओल, क्षार, फुगवटे रंगांनी भरायचे. इलाजाचे बोलणे त्यानंतर.

मूल्य ठरवायला इथे ‘नारा ग्रिड’ नावाचा तक्ता वापरतात. वास्तूचा अस्सलपणा कसा ठरवायचा हे सांगणाऱ्या १९९४च्या नारा दस्तऐवजावरून तो इथल्याच प्रा. कून व्हान बालेन यांनी मांडला. उभ्या बाजूला आकार, साहित्य, वापर, कारागिरीची परंपरा, परिसर, भाव; आडव्या बाजूला कलात्मक, ऐतिहासिक, सामाजिक, वैज्ञानिक मोल. रायगड यात घालून पाहा. ‘भाव’ आणि ‘सामाजिक’ जिथे भेटतात तो चौकोन काठोकाठ भरतो, आणि तो भरलाच पाहिजे. पण ‘साहित्य’ आणि ‘ऐतिहासिक’ यांच्या चौकोनात १८१८च्या आगीनंतर उरलेली जोती आहेत. त्यांवर नवा वाडा चढवला तर नव्या पायाखाली हाच पुरावा चिरडतो. शिवाय जोत्यावरून खणांचे अंतर कळते, छपराचा उतार कळत नाही.

पुनर्बांधणी नेहमीच चूक, असे मात्र मी म्हणणार नाही. लुव्हेनचे ग्रंथालय १९१४ साली जर्मन सैन्याने जाळले. १९२८ साली अमेरिकन वास्तुरचनाकार व्हिटनी वॉरन यांची नवी इमारत दुसऱ्या जागी उघडली, तीही १९४० साली जळाली आणि युद्धानंतर पुन्हा उभी राहिली. ते शक्य झाले, कारण ती इमारत कशी होती याची बारीकसारीक माहिती हाताशी होती.

इथले शिक्षण जिथे अपुरे पडते तेही सांगितले पाहिजे. इथली वीट मऊ असते. दरजा, म्हणजे विटांमधल्या सांधी, सिमेंटने भरल्या की ओल विटेत कोंडते, हिवाळ्यात गोठते आणि विटेचा चेहरा सोलून निघतो. सह्याद्रीचा काळा दगड पाणी फारसे पितच नाही, त्यामुळे तिथे दगड शाबूत राहतो आणि भिंत जाते. तटाच्या दोन घडीव बाजूंमध्ये दगडमातीचा भराव असतो. फांजीवरून, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या वाटेवरून, शिरलेले पाणी दरजांतून बाहेर पडायचे. सिमेंटने ती वाट बंद झाली की भराव भिजून फुगतो, वाहून जातो, तटाला पोट येते आणि एखाद्या पावसाळ्यात बुरूज बसतो. म्हणून इलाज वरून सुरू करायचा: फांजीचा उतार आणि फरसबंदी आधी, दरजा नंतर, त्याही चुन्याने. हे आपल्या गवंड्यांकडून शिकायचे, बेल्जियममध्ये नाही.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश कडक होतो, आणि तोवर त्याला ओलावा हवा. इथे पारा पाच अंशांखाली जाऊ लागला की चुन्याचे काम थांबवतात. आपल्याकडे अडचण थंडीची नाही, मार्चअखेरची. निधी उशिरा येतो, दरजा मे महिन्यात भरल्या जातात आणि जूनच्या सरी तो कच्चा चुना धुऊन नेतात. काम दिवाळीनंतर लगेच सुरू झाले तरच त्याला पुरेसे महिने मिळतात.

इथून उचलावी अशी गोष्ट पदवी नव्हे, ‘मॉन्युमेंटनवाख्त’. नेदरलँड्समध्ये १९७३ आणि बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात १९९१ साली सुरू झालेली ही संस्था. मालक वर्गणीदार होतो. निरीक्षक ठरावीक काळाने येऊन छपरापासून तळघरापर्यंत इमारत तपासतात, छोटी दुरुस्ती जागीच करतात आणि कोणते काम आधी करायचे याचा अहवाल देतात. पुण्यातल्या जुन्या वाड्यांत तुळईची टोके कुजतात ती बहुधा तुंबलेल्या पन्हळीमुळे. मे महिन्यात कोणी शिडी लावून ती साफ केली तर पुढची कित्येक वर्षांची दुरुस्ती वाचते.

आपल्या आर्किटेक्चरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात मुले जुन्या वास्तू मोजतात, सुंदर शीट काढतात, आणि गुण मिळाले की ती कपाटात जातात. प्रत्येक महाविद्यालयाने एक गड किंवा एक पेठ दत्तक घ्यावी, पक्के संदर्भबिंदू रोवावेत आणि दर वर्षीच्या तुकडीने त्याच बिंदूंवरून पुन्हा मोजावे. दहा वर्षांनी कोणत्या तटाला किती सेंटिमीटर पोट आले, हे कागदावर असेल. वाडा उभारायचा की नाही, यावर तेव्हा जरूर भांडू.