‘मिक्स्टेक बोलणारे पाच लाख, मग धोका कसला?’

मेक्सिकोतल्या आदिवासी भाषांवरचा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. म्हणे त्या सगळ्या अझ्टेक लोकांच्या बोली. ना लिपी, ना व्याकरण. आणि नुसतं मिक्स्टेक बोलणारेच पाच लाख असताना ‘भाषा मरतेय’ ही ओरड कशाला?

अझ्टेकांचं आधी मिटवू. त्यांची नाहुआट्ल युटो-अझ्टेकन कुळातली. मिक्स्टेक, झापोटेक, मासाटेक, ओटोमी या ओटो-मांगे कुळातल्या. शेजार आहे, नातं नाही. आता चूक मोठ्यांकडूनही होते. निकाराग्वातली सुबतियाबा १९२५ साली भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीरने होकान या भलत्याच गटात टाकली होती; पुढे अभ्यासकांनी ती ओटो-मांगे कुळात आणली. पण सपीरने निदान शब्द ताडून पाहिले होते, मेसेज फॉरवर्ड केला नव्हता.

लिपी? मोन्ते आल्बान या झापोटेकांच्या प्राचीन शहरातल्या दगडांवर झापोटेक लेखन इसवी सनाच्या कितीतरी आधीपासून कोरलेलं आहे. झापोटेकचं व्याकरण आणि शब्दकोश १५७८ मध्ये छापून झाले होते.

ओटो-मांगे कुळातल्या भाषांत सुरावर अर्थ ठरतो. सान मिगेल एल ग्रान्दे या गावच्या मिक्स्टेकमध्ये ‘युकु’ एका मध्यम सुरात म्हटलं की डोंगर. शेवटचं अक्षर खाली उतरवलं की झुडूप. मासाटेक पुरुष तर शब्द न उच्चारता, नुसते सूर शिट्टीत वाजवून बोलतात. १९४८ साली भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज कावनने नोंदवलंय की मक्याच्या पानांच्या ओझ्याचा भाव दोघांनी शिट्टीवरच घासाघीस करून ठरवला. व्याकरण नसलेल्या भाषेत ही घासाघीस करून दाखवा!

राहिले पाच लाख. २०२० च्या जनगणनेचा आकडा खरा आहे, वाचला चुकीचा. मेक्सिकोच्या भाषा संस्थेने २००८ च्या यादीत एकट्या मिक्स्टेकची ८१ रूपं नोंदवली, झापोटेकची ६२. त्यातल्या कित्येकांचे बोलणारे एकमेकांशी स्पॅनिशमध्येच बोलतात, कारण दुसरा इलाज नसतो. म्हणजे पाच लाख ही बेरीज आहे, आणि बेरजेत एखादं रूप गेलं तरी कळत नाही: गावातली पोरं शेतमजुरीसाठी आईबापांबरोबर उत्तरेला जातात, शाळेत स्पॅनिश धरतात, आणि घरची भाषा आजीपाशी राहते.

याच कुळातल्या इश्कातेकला तर अशी बेरीजही नाही. ती सांता मारिया इश्कात्लान या एका गावाची भाषा. सफाईने बोलणारे बोटांवर मोजावे लागतात, आणि ते सगळे म्हातारे.