काउंटरवर नाव कशाला विचारायचं?

परवा पुण्याहून दादाचा फोन आला. आईला खोकला, अंगात कणकण, आणि रविवारी तान्ह्या पणतीला घरी आणायचं ठरलेलं. कोविडचं घरगुती किट आणायला तो तीन केमिस्टकडे फिरला. दोघांकडे नव्हतंच. तिसऱ्याने कपाटातून एक काढून दिलं, त्याची मुदत कधीच संपलेली. "मागणी नाही हो आता," एवढंच तो म्हणाला.

भारतातल्या पहिल्या घरगुती किटला आयसीएमआरने मे 2021 मध्ये मान्यता दिली, ते पुण्याच्याच मायलॅबचं होतं. किंमत 250 रुपये, निकाल पंधरा मिनिटांत. त्याच शहरात दादा रिकाम्या हाताने घरी आला, याचं मला फार वाईट वाटलं.

जानेवारी 2022 मध्ये, ओमायक्रॉनच्या लाटेत, आम्हा भावंडांचा याच किटवरून वाद झाला होता. मुंबई महापालिकेने तेव्हा केमिस्टना किट नेणाऱ्यांची नोंद ठेवून ती कळवायला सांगितलं होतं. दादाला ते पटलं होतं. लोक घरी तपासणार, पॉझिटिव्ह आले की गप्प बसणार, मग खाटा आणि ऑक्सिजन कशाच्या हिशोबावर लावायचे? 2021 चा एप्रिल त्याने इस्पितळांच्या दारात काढला होता. त्याच्यापुढे माझी जीभ रेटेना.

आज मात्र मी त्याला सांगेन की काउंटरवरची नोंद चूक होती. मार्च 2020 मध्ये आपल्याकडे होम क्वारंटाइनवाल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले, पुढे इमारती सील झाल्या. त्या वेळी त्याची गरज असेलही. पण ते बघितलेल्या माणसाला दुकानात नाव-पत्ता विचारला की तो किट न घेताच परत फिरतो आणि ताप अंगावर काढतो. म्हणजे महापालिकेला आकडाही मिळत नाही आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही कळत नाही. शिवाय पट्टीचा फोटो अ‍ॅपवर चढवायची सोय त्या किटमध्ये आधीपासून होतीच.

मी रेडिंगला राहते. इंग्लंडमध्ये 9 एप्रिल 2021 पासून कुणालाही आठवड्यातून दोनदा तपासता येईल इतक्या टेस्ट फुकट मिळू लागल्या. सात टेस्टचा खोका पोस्टाने घरी यायचा. निकाल ऑनलाइन कळवायचा तो ज्याने त्याने आपणहून. पुष्कळांनी कळवला नाही, हे दादाचं म्हणणं इथेही खरं ठरलं. पैसाही बेसुमार गेला. 'टेस्ट अँड ट्रेस' या तपासणी आणि संपर्क शोधण्याच्या सरकारी योजनेसाठी दोन वर्षांत 37 अब्ज पौंडांची तरतूद होती आणि संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. 2021 च्या नाताळाआधी तर फार्मसीच्या दारावर "टेस्ट नाहीत" अशा पाट्या होत्या, वेबसाइटवरही साठा संपलेला. मी पहाटे उठून पान पुन्हापुन्हा उघडत बसायचे.

तरीही त्या खोक्याने माझ्या ओळखीच्यांची एक सवय बदलली. कुणा वयस्कर माणसाला भेटायला निघण्याआधी नाकात काडी फिरवायची, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, दोन रेघा दिसल्या तर फोन करून "आज येत नाही" म्हणायचं. यात कुणाला लाज वाटत नव्हती.

1 एप्रिल 2022 ला सर्वांसाठीची फुकट सोय बंद झाली आणि दुकानात एका टेस्टला साधारण दोन पौंड पडू लागले. माझी एक मैत्रीण वृद्धाश्रमात शिफ्टवर काम करते. तीन मुलांच्या घरात ती प्रत्येक सर्दीला टेस्ट घेईना. तिला कुणी नाव विचारलं नव्हतं, पण किमतीनेही माणूस तसाच परत फिरतो. गंभीर आजाराचा धोका असलेल्या ठरावीक लोकांना मात्र इथे त्यानंतरही फुकट टेस्ट मिळत राहिली, नोव्हेंबर 2023 पासून फार्मसीतून. निदान तेवढं तरी आपल्याकडे करावं: साठीपुढच्यांना आणि कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांना महापालिकेच्या दवाखान्यातून, चिठ्ठी न मागता.

आणि केमिस्टने किट सावलीत ठेवावं. बहुतेक किट 30 अंशांपर्यंतच टिकतात, आपल्याकडचा एप्रिल त्याच्या कितीतरी वर जातो. लक्षणं असताना एकच रेघ आली तरी दोन दिवसांनी पुन्हा तपासावं, पहिल्या दिवशी विषाणू पट्टीला सापडेलच असं नाही.

दादाने पणतीचं येणं पुढच्या रविवारवर ढकललं. आई रुसली आहे. मी दिवाळीला जाताना सहा टेस्ट नेणार आहे, त्यातल्या दोन शेजारच्या काकूंनी आधीच मागून ठेवल्यात.